टीचर्स कॉलेजात एम.ए. : खर्चाचा पुरता हिशेब

न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात शिक्षणशास्त्र शिकायचं स्वप्न आपल्याकडचे अनेक शिक्षक आणि शैक्षणिक संस्थांतले कार्यकर्ते बाळगून असतात. स्वप्न चांगलंच आहे, पण कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी पूर्ण रक्कम एकदा मांडून बघावी.

फी

१८८७मध्ये स्थापन झालेलं हे कॉलेज पदवी कोलंबिया विद्यापीठाची देतं, पण त्याचे प्रवेश, फी आणि शिष्यवृत्त्या स्वतंत्र आहेत. फी वर्षावर नव्हे, पॉइंटवर, म्हणजे श्रेयांकावर (क्रेडिट) आकारतात. बहुतेक एम.ए.ना किमान ३० ते ३२ पॉइंट लागतात. एका पॉइंटला सुमारे २,००० डॉलर धरले, तर ३२ पॉइंटचे ६४,००० होतात. सत्राचं शुल्क आणि आरोग्य विमा वेगळा. तुमच्या अभ्यासक्रमाला नेमके किती पॉइंट लागतात, हे आधी लेखी विचारा. चार पॉइंट वाढले की आठ हजार डॉलर वाढले.

घर

कॉलेज मॅनहॅटनच्या मॉर्निंगसाइड हाइट्स भागात, १२०व्या रस्त्यावर आहे. कॉलेजची वसतिगृहं जवळच आहेत, पण जागा मर्यादित, म्हणून अर्ज लवकर करा. बाहेर राहायचं तर ‘१’ क्रमांकाच्या सबवेचा नकाशा उघडा. ११६व्या रस्त्याच्या स्थानकापासून उत्तरेला १२५, १३७, १४५, १५७ आणि पुढे वॉशिंग्टन हाइट्स, इनवूड. जसजसं उत्तरेला जाल तसतसं भाडं साधारण उतरतं. सामायिक घरातल्या एका खोलीला कॉलेजच्या आसपास महिना १,४०० ते १,९०० डॉलर, तर उत्तरेच्या भागात १,००० ते १,४०० धरून चाला.

स्वतःच्या नावावर घर घेताना मालक बहुधा वार्षिक उत्पन्न भाड्याच्या चाळीसपट मागतो. ३,००० डॉलर भाड्याला १,२०,००० उत्पन्न! विद्यार्थ्याकडे ते कुठून असणार? म्हणून सामायिक घरातली खोलीच सोयीची. कायदा मात्र तुमच्या बाजूने आहे. अनामत एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. जून २०२५पासून मालकाने नेमलेल्या दलालाची दलाली भाडेकरूकडून घेता येत नाही. खोली प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर पाहिल्याशिवाय आणि करार हाती आल्याशिवाय पैसे पाठवू नका.

रोजचा खर्च

सबवेची एक फेरी ३ डॉलर. एकच कार्ड किंवा फोन वापरलात तर सात दिवसांत ३५ डॉलरनंतरच्या फेऱ्या मोफत. चालत जाण्याइतकं घर जवळ असेल तर हा पैसा भाड्याच्या फरकात मोजा. डाळी, पोहे, मसाले क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला मिळतात. महिन्यातून एकदा तिथे जाऊन भरून ठेवा आणि घरी स्वयंपाक करा. बाहेरच्या जेवणावर ८.८७५ टक्के विक्रीकर आणि वर टिप द्यावी लागते, कच्च्या किराण्यावर कर नाही. मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यांना ऐपतीप्रमाणे पैसे देऊन जाता येतं.

भाडं, जेवण, प्रवास मिळून महिना २,२०० आणि अभ्यासक्रम १६ महिन्यांचा धरला, तर ३५,२०० होतात. फी आणि हे मिळून ९९,२००. म्हणजे विमा, विमानप्रवास आणि व्हिसा धरण्याआधीच जवळपास एक लाख डॉलर.

पैसा कुठून

१९१३मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच कोलंबियात बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर आले. आजही अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. या शिष्यवृत्त्या देताना विद्यापीठाचं जागतिक क्रमांकन बघतात. टीचर्स कॉलेजचा कारभार स्वतंत्र असल्याने कोलंबियाचं क्रमांकन त्याला लागू धरतात का, हे समाजकल्याण कार्यालयाकडून लेखी घ्या. कॉलेजच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्यांसाठी पहिल्या मुदतीतच अर्ज करा. विद्यार्थी व्हिसावर सत्र सुरू असताना आवारातच, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. त्यातून जेवणखर्च निघेल, फी नाही.

सही करण्याआधी

डॉलर ९० रुपये धरला तर एक लाख डॉलर म्हणजे ९० लाख. दहा टक्के व्याजाने पंधरा वर्षांसाठी एवढं कर्ज काढलं तर हप्ता महिना सुमारे ९७,००० येतो. पदवीनंतर अमेरिकेत कामाची मुभा साधारण एक वर्षाची. तंत्रज्ञान आणि सांख्यिकीशी जोडलेल्या मोजक्याच अभ्यासक्रमांना जास्त. त्यामुळे हप्ता भारतातल्या पगारातून फेडायचा असं गृहीत धरूनच निर्णय घ्या. मिळू शकणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात तो बसत नसेल, तर प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का विचारा आणि ते वर्ष शिष्यवृत्तीच्या अर्जांवर घालवा. शिक्षकाने कर्जाच्या धाकाने आवडीचं काम सोडू नये, यासाठीच हा हिशेब.