फॅमिकॉम उघडण्याआधी

निन्टेंडोचा फॅमिकॉम हा व्हिडिओ गेम कन्सोल १५ जुलै १९८३ रोजी जपानच्या बाजारात आला, तेव्हा त्याला टीव्हीशी जोडण्याची एकच वाट होती: अँटेनाची. पिवळ्या जॅकचा पत्ताच नाही. यंत्र आपलं चित्र जपानच्या १ किंवा २ क्रमांकाच्या चॅनेलवर सोडतं आणि टीव्ही ते एखाद्या केंद्रासारखं पकडतो. हे दोन्ही चॅनेल ९० ते १०२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतात. आपल्याकडे त्या पट्ट्यात एफएम रेडिओ चालतो. खटपट करून भारतीय टीव्हीवर चित्र सापडलंच, तरी आवाज येत नाही. जपानी पद्धतीत चित्र आणि आवाज यांच्या लहरींमध्ये ४.५ मेगाहर्ट्झचं अंतर असतं, आपल्या पद्धतीत ५.५.

नव्वदच्या दशकात ज्यांनी घरोघरी ‘कॅसेट’ फुंकून व्हिडिओ गेम चालवला, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हातात फॅमिकॉमची तैवानी किंवा चिनी नक्कल होती. त्यांच्यातले काही जण आज अस्सल यंत्र मागवतात, अँटेनाच्या वायरीपाशी अडतात आणि त्याला पिवळा जॅक बसवण्यासाठी स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागतात. प्रस्तुत लेखक अशी जुनी यंत्रं दुरुस्त करतो. त्याच्या टेबलावर येणाऱ्या फॅमिकॉमपैकी आपोआप बिघडलेले कमी आणि सुधारताना बिघडवलेले जास्त असतात.

सर्वांत मोठी हानी व्हिडिओच्या कामात होतच नाही, ती अडॅप्टरपाशी होते. फॅमिकॉमला १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअरचा डीसी पुरवठा लागतो आणि त्याच्या पिनेत मधला भाग ऋण असतो. बाजारात सहज मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांत तो धन असतो. मूळ जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा, तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातला की जळतो. याहून फसवा प्रकार एनईएसच्या अडॅप्टरचा. एनईएस ही याच यंत्राची परदेशी आवृत्ती, म्हणून तिचा अडॅप्टर चालेल असं माणूस गृहीत धरतो. पण तो ९ व्होल्ट एसी देतो. एनईएसच्या आत एसीचं डीसी करणारा ब्रिज आहे, फॅमिकॉममध्ये नाही. तेव्हा स्क्रू सोडवण्याआधी अडॅप्टरवरची चिन्हं वाचावीत आणि मल्टीमीटर लावून खात्री करावी. त्याखेरीज बटण दाबू नये.

आता मूळ कामाकडे. फॅमिकॉमचं चित्र पीपीयू नावाच्या ४० पायांच्या चिपमध्ये तयार होतं. तिच्या २१ क्रमांकाच्या पायावर पिवळ्या जॅकला लागणारा कंपोझिट सिग्नल तयारच असतो. पुढे आरएफ बोर्ड त्याला चॅनेलवर चढवतो. म्हणजे सिग्नल नव्यानं घडवायचा नसून चढवण्याआधीच अडवायचा असतो. पण तो अशक्त असतो आणि टीव्हीच्या ७५ ओहमचा भार त्याला पेलत नाही. म्हणून मध्ये एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर यांचा लहानसा बफर लागतो. हे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किरकोळ पैशांत मिळतात. त्यामुळेच काम सोपं वाटतं.

‘एव्ही केलेला’ म्हणून विकला गेलेला एक फॅमिकॉम लेखकाकडे आला होता. त्यात बफर नव्हताच, २१ नंबरच्या पायावरून सरळ जॅकपर्यंत लांबलचक वायर ओढलेली होती. जॅकसाठी तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननं प्लॅस्टिक वितळवून भोक पाडलं होतं. पायाजवळचा तांब्याचा ट्रॅक उखडला होता, कारण आयर्न तिथे फार वेळ टेकवून ठेवला गेला असणार. चित्र दिसत होतं, पण वरपासून खालपर्यंत उभ्या फिकट पट्ट्या होत्या. या छंदातली मंडळी त्यांना जेलबार म्हणतात.

पट्ट्यांचं कारण समजून घेण्यासारखं आहे. २१ नंबरच्या पायापासून निघणारा ट्रॅक डिजिटल सिग्नलच्या ट्रॅकांना लागून जातो आणि त्यांची खळबळ चित्रात झिरपते. अशी काही गळती कारखान्यातून आलेल्या यंत्रातही असते, लांब उघडी वायर तीत भर घालते. उपाय म्हणजे तो पाय बोर्डापासून अलग करायचा, बफर चिपच्या अगदी शेजारी बसवायचा आणि तिथून जॅकपर्यंत शिल्डवाली वायर न्यायची. पाय उचलताना मात्र घाई चालत नाही. आधी त्यावरचं सोल्डर पूर्ण काढावं, मगच हलका उपसावा. जोर लावला आणि तो मुळापाशी तुटला, तर बदली चिप दुसऱ्या यंत्रातूनच काढावी लागते. ज्याच्या हातानं आधी भंगारातल्या बोर्डांवरून आयसी उतरवलेल्या नाहीत, त्यानं या यंत्रावर शिकू नये, असं लेखकाचं ठाम मत आहे. आरएफ बोर्डही कापून टाकू नये; ५ व्होल्टचा रेग्युलेटर त्याच बोर्डावर असतो.

इतकं करूनही चित्र काचेसारखं होत नाही. फॅमिकॉमचे ठिपके आणि रंगाची लहर यांचं प्रमाण ३:२ असल्यामुळे कडांवर रंगीत दाणे सरकत राहतात. ते चिपच्याच आत ठरतं, कोणताही बफर ते घालवू शकत नाही. तिथून पुढे आरजीबीचा, म्हणजे लाल, हिरवा, निळा हे रंग वेगवेगळे पाठवण्याचा मोह सुरू होतो. पूर्वीचा मार्ग म्हणजे निन्टेंडोच्या प्लेचॉइस-१० या आर्केड यंत्रातली आरजीबी देणारी पीपीयू आणून बसवणं. तिचे रंग मूळ यंत्राशी जुळत नाहीत, शिवाय त्यासाठी एक आर्केड यंत्र मोडावं लागतं. टिम वर्दिंग्टन यांचा एनईएसआरजीबी बोर्ड मूळ चिप राखून तेच काम करतो, म्हणून तो अधिक सभ्य मार्ग. पण त्यासाठीही चाळीसच्या चाळीस पाय सोडवून चिप बाहेर काढावी लागते.

पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी: दोष कन्सोलचा आहे की टीव्हीचा? फॅमिकॉम सेकंदाला सुमारे ६० पूर्ण चित्रं पाठवतो, प्रत्येक २४० ओळींचं. याला २४०पी म्हणतात. कित्येक नवे सपाट टीव्ही त्याला जुन्या प्रक्षेपणातली अर्धी-अर्धी चित्रं समजतात आणि दोन-दोन एकत्र शिवतात. मग चित्र पुसट होतं. मार लागल्यावर लुकलुकणारं पात्र गायबच होतं किंवा जाळीदार दिसतं, कारण ते एका चित्रात असतं आणि पुढच्यात नसतं. यावर इलाज बाहेरचा आहे. २४०पी ओळखणारा रेट्रोटिंकसारखा कन्व्हर्टर टीव्हीच्या आधी लावायचा. फॅमिकॉमऐवजी सुपर फॅमिकॉम किंवा मेगा ड्राइव्ह यांसारखा कन्सोल असेल तर आरजीबी मागच्या सॉकेटवर आधीच आलेलं असतं, योग्य केबल पुरते. फॅमिकॉमच हवा असेल, तर निन्टेंडोनं १९९३ मध्ये काढलेल्या एव्ही फॅमिकॉमला कारखान्यातूनच कंपोझिट आउटपुट आहे. त्याची किंमत आणि सुधारणेचा खर्च ताडून मग ठरवावं.

बदकं मारायच्या खेळातल्या बंदुकीसाठी हे सगळं करणाऱ्यांनी मात्र थांबावं. ती बंदूक पडद्यावरचा उजेड नेमक्या क्षणी टिपते. एलसीडीवर तो क्षण उशिरा येतो आणि नेम लागत नाही. त्या खेळाला काचेच्या नळीचा जुना टीव्हीच हवा.

काम झाल्यावर झाकण लावण्याआधी आवाज ऐकावा, तोही योग्य कॅसेटवर. फॅमिकॉमचा आवाज मुख्य चिपमधून निघून कॅसेटच्या सॉकेटमधून फिरून परत येतो, जेणेकरून कॅसेटमधल्या चिपला आपला सूर त्यात मिसळता यावा. कोनामीच्या १९८९ च्या ‘अकुमाजो देन्सेत्सू’त अशीच व्हीआरसी६ चिप तीन जादा सूर देते. आवाजाची वायर घाईत मुख्य चिपवरूनच घेतली असेल, तर साध्या खेळांत काहीच बिघडल्याचं कळत नाही, पण या कॅसेटवर अर्धं संगीत हरवतं. वायर सॉकेटमधून परत येणाऱ्या बाजूला, कॅसेटच्या ४६ क्रमांकाच्या पिनेकडे हलवली की ते तीन सूर परत येतात.