निवृत्तीनंतरचा दिनक्रम

मुंबईंत नोकरी करून उल्हास नदीकांठच्या बदलापुरांत स्थिरावलेलें एखादें तमिळ दांपत्य पाहावें. सकाळीं आजी उंबऱ्यापुढें तांदळाच्या पिठाचें कोलम रेखिते. आपल्या शिरगोळ्याच्या रांगोळीस मुंगी शिवत नाहीं. कोलम मात्र मुंग्यांचें अन्न होतें. आंत पितळी गाळणींतून कॉफीचा अर्क थेंबथेंब उतरतो. भुकटी जाडसर असल्यास पाणी भरभर गळतें व अर्क पाणचट होतो. लोकल गांठणाऱ्या मुलास थांबावयास वेळ नसतो. आजोबांस तो भरपूर! दुपारीं नातू मराठींत विचारतो, आजी तमिळींत उत्तर देते. त्याला तें कळतें, पण बोलतां येत नाहीं. म्हणून आजोबा त्याजकडून अक्षरें गिरवून घेतात. तमिळींत क, ख, ग, घ या चारींस एकच अक्षर. लिहितांना नातू खूष. वाचतांना मात्र आजीच्या तोंडाकडे पाहतो.