दम आधी येतो, हाड मागून

दुखापतीनंतर पुन्हा पळायला लागलं की सगळ्यात आधी दम परत येतो. महिन्याभरात छाती सांगू लागते, झालं, आता पूर्वीसारखं. पोटऱ्यांचे स्नायू त्याच्यामागून येतात, टाचेमागची जाड शीर आणखी उशिरा आणि हाड सगळ्यात शेवटी. फसगत इथेच होते, कारण दम आपल्याला जाणवतो, हाडाची तब्येत जाणवत नाही. हिंजवडीत आयटीतली नोकरी सांभाळून मॅरेथॉन पळणाऱ्या मला हे नडगीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरनं शिकवलं. तेही दोनदा. पहिल्यांदा सरावाच्या ऐन भरात आणि नंतर, बरी झाले असं सगळ्यांनी म्हटल्यावर, त्याच जागी.

सुरुवात ओळखता आली पाहिजे. स्नायूचं दुखणं पसरट असतं आणि थोडं पळून अंग गरम झालं की बहुतेक वेळा कमी होतं. हाडाचं दुखणं एका बोटानं दाखवता येतं, पळताना वाढत जातं आणि पुढे पुढे रात्री अंथरुणातही ठणकतं. माझा एक्स-रे स्वच्छ आला होता. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत अशी बारीक चीर एक्स-रेत बहुधा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. म्हणून 'एक्स-रेत काही नाही' हे ऐकून बूट बांधू नका. जांघेत, पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध किंवा नडगीच्या पुढच्या धारेवर असं दुखत असेल, तर त्या दिवसापासून पळणं बंद आणि थेट हाडांचे डॉक्टर. या जागा भरून यायला हट्टी असतात. जांघेतली चीर सरकली तर शस्त्रक्रियेवर जातं.

हाडाला इतका वेळ का लागतो? ताण पडला की हाड आधी आपला जुना भाग खरवडून काढतं आणि मग तिथे नवा भरतं. खरवडणं काही आठवड्यांत उरकतं, भरायला महिने लागतात. मधल्या काळात ते पूर्वीपेक्षा कमजोर असतं. दुखणं मात्र त्याआधीच थांबलेलं असतं. माझी दुसरी दुखापत नेमकी या फटीत झाली. पायाची तक्रार नव्हती, मनगटावरचं घड्याळ रोज वाढते आकडे दाखवत होतं आणि ग्रुपमधले 'वेलकम बॅक' म्हणत होते. पेस जुना झाला होता, नडगी अजून नवीच होती.

त्या काळात व्हॉट्सॲपवर मोठ्या धावपटूंच्या कहाण्या भरभरून येतात. जोन बेनॉइटची तर येतेच. गुडघ्यावरच्या शस्त्रक्रियेनंतर १७ दिवसांत तिनं १९८४ ची अमेरिकेची ऑलिंपिक निवड मॅरेथॉन जिंकली आणि पुढे लॉस एंजेलिसला महिलांच्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचं सुवर्णही. गोष्ट खरी आहे. पण ती दुर्बिणीतून केलेली गुडघ्याची शस्त्रक्रिया होती, हाड मोडलेलं नव्हतं. तिच्या १७ दिवसांवरून आपल्या नडगीचा हिशेब मांडता येत नाही.

मला जास्त उपयोगी पडली ती पॉला रॅडक्लिफ. २००३ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा जागतिक विक्रम करणारी ही बाई. २००८ मध्ये तिच्या मांडीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. त्यातून उठून ती ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिक पळली आणि तेविसावी आली. नोव्हेंबरमध्ये तिनं न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. बाई तीच, जिद्द तीच, वर्षही तेच. फरक मधल्या महिन्यांच्या सरावाचा होता.

आपल्याकडे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे पाहा. २०१८ ची आशियाई क्रीडा स्पर्धा घोट्याच्या दुखापतीमुळे त्याची हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्यानं स्टीपलचेसमधला गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२० मध्ये दिल्लीची अर्धमॅरेथॉन त्यानं एक तास ३० सेकंदांत पळून काढली. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला पाण्याच्या उडीवर तो पडला, गुडघ्याचा लिगामेंट फाटला, शस्त्रक्रिया झाली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा सोडावी लागली. आपण विक्रम लक्षात ठेवतो, सोडाव्या लागलेल्या स्पर्धा विसरतो. ज्याचं पोट धावण्यावर आहे तोही तारखा सोडतो, तर सोमवारी सकाळी स्टँडअप मीटिंगला बसणाऱ्या आपल्याला कसली घाई?

आता परतण्याची रीत. डॉक्टर किंवा फिजिओनं परवानगी दिल्यावर आधी झपाझप चालणं. पाऊण तास चालून त्या दिवशी, रात्री आणि दुसऱ्या सकाळी पहिलं पाऊल टाकताना काही दुखलं नाही, तरच पळणं. तेही एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं असं, आणि एकाआड एक दिवस. आधी पळायची मिनिटं वाढवा, मग अंतर, चढ आणि वेग सगळ्यात शेवटी. दोन गोष्टी एकाच आठवड्यात वाढवू नका. गेल्या महिन्यातल्या सर्वांत लांब रनपेक्षा आजचा रन फार लांब नको. निकाल पळताना लावायचा नाही, दुसऱ्या सकाळी लावायचा. त्या जागेवर बोट दाबून दुखलं, तर दोन पायऱ्या मागे. दमाची हौस सायकलवर किंवा पाण्यात भागवा. एका पायावर टाचा उचलण्याचा व्यायाम मात्र पळण्याइतकाच महत्त्वाचा. दुखऱ्या पायावर चांगल्या पायाइतक्या टाचा उचलता येईपर्यंत वेगाचं नाव काढू नका.

रस्ताही विचारपूर्वक निवडा. हिंजवडीत पहाटे कंपन्यांच्या बस सुरू होण्याआधी माणकडे किंवा फेज तीनच्या चढावर जायचा मोह होतो. पण पाच किलोमीटर लांब गेल्यावर पाय बोलायला लागला तर परतीचे पाच त्याच पायावर काढावे लागतात, पहाटे रिक्षाही मिळत नाही. सुरुवातीचे महिने सोसायटीभोवतीच फेऱ्या मारा, म्हणजे दुखलं की दोन मिनिटांत घर. रस्त्याच्या उतरत्या कडेनं रोज एकाच बाजूला पळू नका, एक पाय कायम खाली राहतो.

बायकांना थोडं वेगळं सांगते. धावणं बंद म्हणजे विश्रांती, असं घरात धरलं जातं. प्रत्यक्षात ओट्याशी उभं राहणं, जिने, बाजार सगळं चालूच असतं. घरच्यांना एमआरआयचा रिपोर्ट वाचून दाखवा आणि कामं वाटून घ्या. वजन उतरावं म्हणून जेवण तोडून सराव केला तर हाड भरायला माल कुठून येणार? सराव वाढल्यावर पाळी लांबली किंवा थांबली, तर ते फिटनेसचं लक्षण समजू नका. शरीराला खाणं पुरत नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो आणि हाडं त्याची किंमत मोजतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. आणि बाई असो की पुरुष, सूर्य उगवण्याआधी पळून दिवसभर एसीत बसणाऱ्यानं ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.

शेवटचं, नोंदणीचं. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते आणि नाव कितीतरी आधी द्यावं लागतं. एकदा फी भरली की तीच परतण्याची मुदत ठरवू लागते. एकाआड एक दिवस, न थांबता तासभर, असं सबंध महिना विनातक्रार पळता आल्याशिवाय कुठेही नाव देऊ नका. आधीच दिलं असेल आणि पाय तयार नसेल, तर सोडून द्या. फी बुडाली तर एका शर्यतीची बुडेल, फ्रॅक्चर उलटलं तर सगळा हंगाम जाईल.