मजुरी की दान?
(लेखनावर पोट भरण्याच्या प्रश्नाचा एक अल्प अभ्यास)

— द्वितीय वर्ष, कला

गेल्या दिवाळीत माझी एक कथा एका दिवाळी अंकात छापून आली. अंक टपालाने घरी आला, तेव्हा आमच्या घरात आनंदीआनंद झाला. माझे वडील मोंढ्यात हमाली करतात. त्यांना वाचता येत नाही. पण माझे नाव कोठे छापले आहे ते त्यांनी बोट ठेवून विचारून घेतले. नंतर ते म्हणाले, "किती दिले रं याचे?" मी म्हणालो, "आबा, पैसे नाहीत. एक अंक पाठवला." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आमचं पोतं मोजलं जातंय. मग तुझी ही मजुरी म्हणायची का दान?"

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. पुढे मराठीचा अभ्यास करून लेखनच करावे असे मनात असल्यामुळे तो प्रश्न टाळताही येईना. म्हणून ग्रंथालयात बसून जी माहिती मिळवली, ती सहाध्यायांपुढे व गुरुजनांपुढे ठेवीत आहे.

प्रथम मागे वळून पाहू. मराठी लेखक केवळ लेखनावर जगला, अशी उदाहरणे थोडी आहेत. बहुतेकांनी नोकरी सांभाळून लिहिले. कोणी शिक्षक होते, कोणी प्राध्यापक, कोणी कारकून. 'बनगरवाडी' लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावर नोकरीस होते. त्यांचे थोरले बंधू ग. दि. माडगूळकर यांची गोष्ट निराळी. 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून गाजलेल्या 'गीतरामायणा'तील 56 गीतांनी ते घराघरांत पोहोचले. परंतु त्यांचा चरितार्थ चालला तो मुख्यतः चित्रपटांच्या पटकथा आणि गीते यांवर. म्हणजे त्या काळी 'नवे माध्यम' असलेल्या बोलपटाने एका कवीला पोट दिले. बाबूराव अर्नाळकरांनी तिसरीच वाट धरली. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. एका पुस्तकाचे थोडे पैसे मिळत असतील, तर पुस्तकेच पुष्कळ लिहावयाची, असा तो हिशेब असावा.

दिवाळी अंकांनीही लेखकाला वाचक दिला. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने 1909 साली पहिला दिवाळी अंक काढला आणि ही परंपरा आजवर चालू आहे. मात्र मोठे अंक मानधन देतात, तर कित्येक लहान अंक नवोदितांची केवळ अंकावर बोळवण करतात, हेही तितकेच खरे.

या इतिहासात एक नाव घेताना मन जड होते, ते अण्णाभाऊ साठे यांचे. गिरणीत काम केलेला हा माणूस शाळेत फारसा गेलाच नव्हता. 1959 साली त्यांची 'फकिरा' आली. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, लेखन परदेशी भाषांत गेले. परंतु त्यांची कितीतरी वर्षे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत गेली आणि 18 जुलै 1969 रोजी त्यांचे निधन झाले, तेही हलाखीतच. नाव मोठे झाले म्हणजे घर चालते, हा आपला समज त्यांच्या आयुष्याकडे पाहून टिकत नाही.

आता पुस्तकाचा हिशेब पाहू. समजा, एका पुस्तकाची किंमत 200 रुपये आहे आणि लेखकाला दहा टक्के स्वामित्वधन ठरले आहे. म्हणजे प्रतीमागे 20 रुपये. हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली तर 20,000 रुपये. ती खपण्यास दोन वर्षे लागली, तर महिन्याला साडेआठशे रुपयेही पडत नाहीत. आणि पुस्तक लिहिण्यात गेलेला काळ यात धरलेलाच नाही! अशा स्थितीत केवळ पुस्तकावर विसंबून राहणे अशक्य आहे, हे उघड आहे.

मग अलीकडच्या साधनांनी काय फरक पडला? 2014 साली सुरू झालेल्या 'प्रतिलिपि'वर कोणीही मराठीत कथा-कादंबरी लिहून थेट वाचकांपुढे ठेवू शकतो. 'स्टोरीटेल' ही श्राव्य पुस्तकांची कंपनी 2017 साली भारतात आली आणि मराठीत ऐकण्यासाठी पुस्तके तयार होऊ लागली. यूट्यूबवर कथाकथन करणारेही पुष्कळ झाले आहेत. तेथे जाहिरातींचा वाटा हवा असेल, तर साधारणतः 1000 सदस्य आणि वर्षभरात 4000 तास पाहिले जाणे ही अट पुरी करावी लागते. त्यानंतर मोठ्या चित्रफितींच्या जाहिरात-उत्पन्नाचा 55 टक्के वाटा करणाऱ्याला मिळतो. दहा टक्क्यांच्या तुलनेत हा आकडा भला मोठा दिसतो. पण 55 टक्के कशाचे, हेही पाहिले पाहिजे. पाहणारे थोडे असतील तर वाटाही थोडाच. शिवाय नियम कंपनी ठरवते आणि तीच बदलते. पूर्वी संपादकाच्या दारात उभे राहावे लागे. आता दार उघडे आहे, पण आत गर्दी फार आहे. दूरचित्रवाणीच्या मालिकांत पैसा बरा मिळतो, परंतु रोज एक भाग द्यावा लागतो आणि मालिका बंद पडली की कामही थांबते.

तात्पर्य, माध्यम बदलले तरी मूळ प्रश्न तोच राहतो : लिहिलेल्याचा दर कोण ठरवणार?

येथे कायद्याची माहिती असणे अत्यंत आवश्यक आहे. 1957 च्या प्रतिमुद्राधिकार कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो. नोकरीचा भाग म्हणून लिहिले तर गोष्ट वेगळी. पण स्वतंत्रपणे लिहिणाऱ्याच्या लेखनाचा पहिला मालक तो स्वतःच असतो. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. 2012 साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटासाठी लिहिणारे गीतकार, पटकथाकार यांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनात समान वाटा मिळण्याचा हक्क आला. हा हक्क परस्पर लिहून घेता येत नाही. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत ही बाजू जोराने मांडली होती. म्हणजे माझ्या कथेचे पैसे मिळाले नसले, तरी ती कथा आजही माझीच आहे! हे कळल्यावर मला फार बरे वाटले.

अभ्यास करताना एक योगायोग ध्यानात आला. ज्या 1969 साली अण्णाभाऊ गेले, त्याच साली महाराष्ट्रात माथाडी हमालांचा कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडींची संघटना बांधली, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. पाठीवरच्या पोत्याला दर असावा, भविष्यनिर्वाह निधी असावा, हे हमालांनी एकजुटीने मिळवले. गीतकार व संगीतकारांच्या स्वामित्वधनासाठी काम करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीही 1969 चीच. मुंबईत पटकथालेखकांचीही संघटना आहे. परंतु गावोगाव सुटे सुटे लिहिणारा कथालेखक मात्र अजून एकटाच आहे. त्याला दर विचारण्याचीही लाज वाटते. सरस्वतीच्या दरबारात पैशाचे नाव काढू नये, अशी आपली समजूत. पण ज्याच्या घरी आधीच शिधा भरलेला आहे, त्यालाच ही समजूत परवडते. माझ्यासारख्या घरातून येणाऱ्याने ती पाळली, तर त्याला लेखणी खाली ठेवावी लागेल आणि आमच्या वस्तीच्या गोष्टी अलिखितच राहतील.

यावरून माझ्यापुरते मी काही ठरवले आहे. पदवीनंतर आधी एखादी नोकरी पाहावयाची. त्यात कमीपणा नाही. एकाच साधनावर न विसंबता कथा, भाषांतर, आकाशवाणी, श्राव्य लेखन असे सारे दरवाजे ठोठावावयाचे. न वाचता कोणत्याही कागदावर सही करावयाची नाही. आणि साहित्य पाठवतानाच मानधन किती, हे नम्रपणे विचारावयाचे.

वडिलांना मी हे सारे समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "दान करायला माझी ना न्हाई. पण आधी इचारून कर." यंदाच्या दिवाळीसाठी मी नवी कथा लिहिली आहे. सोबतच्या पत्रात मानधनाची विचारणा केली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. नकार आला तरी वाईट वाटून घेणार नाही. कारण या वेळी मी विचारले आहे.