बर्फातली मासळी खवट का होते?
कारंजा जलाशयातली कटला, रोहू बर्फात ठेवली की कुजणं मंदावतं, खवटपणा मात्र थांबत नाही. मग व्यापारी भाव पाडतो. माशाच्या प्रत्येक पेशीचं आवरण चरबीचं. ही चरबी थंडीतही पातळ राहणारी, म्हणून नाजूक. ऑक्सिजनपासून बनलेले आक्रमक कण तिच्यातला हायड्रोजन ओढून घेतात. बिघडलेला रेणू शेजारच्याला बिघडवतो, अशी साखळीच लागते. रक्तातलं लोह तिला आणखी जोर देतं. मासा जिवंत असताना ई जीवनसत्त्व ही साखळी तोडत असतं, मेल्यावर ते संपत जातं. म्हणून आम्ही सारखं सांगतो: कल्ले-आतडी लगेच काढा, रक्त नीट धुवा, ऊन लागू देऊ नका. फ्रीजरमध्ये ठेवायची तर पिशवीतली हवा काढून घट्ट बांधा. आणि सुक्या मासळीवाल्यांनो, मीठ कुजणं रोखतं, खवटपणा नाही.