जुने व्हिडिओ गेम आणि घड्याळाचे सेल

गेल्या पावसाळ्यात छप्पर गळू लागले म्हणून माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तळाशी बिस्किटांच्या डब्यात माझे तीन व्हिडिओ गेम निघाले. पहिला 'पॅराशूट'. १९८२ साली मस्कतला नोकरी करणाऱ्या मामांनी तो आणला, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. हेलिकॉप्टरमधून माणसे उड्या मारतात, आपण होडी डावी-उजवीकडे नेऊन त्यांना झेलायचे. चुकले तर खाली शार्क मासा. आमच्या आळीतली पोरे ओटीवर नंबर लावून बसत. दुसरा गेम मी वर्गमित्राला तिकिटांचा आख्खा आल्बम देऊन मिळवला. त्याबद्दल वडिलांचा मारही खाल्ला.

हे खेळ जपानमधल्या निन्टेन्डो कंपनीचे. क्योटो शहरात १८८९ साली पत्ते तयार करण्यासाठी ती सुरू झाली. तिथल्या गुनपेई योकोई या गृहस्थांनी आगगाडीत एक प्रवासी वेळ घालवायला कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला पाहिला आणि त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९८० साली पहिला 'गेम अँड वॉच' बाजारात आला. नावाप्रमाणे त्यात घड्याळही असे, आणि तो चालतही असे घड्याळाच्या सेलवरच.

ट्रंक उघडली आणि जुना नाद पुन्हा लागला. पुण्याच्या जुन्या बाजारात चकरा झाल्या. आज माझ्याकडे असे अकरा गेम आहेत, शिवाय टीव्हीला जोडायच्या खेळांची काही काडतुसे. दवाखाना बंद झाल्यावर गळक्या सेलची पांढरी-हिरवी पुटे व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसत बसणे, यात मला जे सुख मिळते ते आमच्या सौ.ना अद्याप पटलेले नाही. पन्नाशी उलटलेल्या माझ्या पेशंटांना मी हल्ली आवर्जून विचारतो, "लहानपणी काय जमवत होता?" अर्धा तास खेळावे. त्यापुढे मान आणि अंगठा कुरकुर करतात.

पण वाचकहो, आजचा लेख त्यासाठी नाही. दिवाळीत भाची माहेरपणाला आमच्याकडे आली होती. मी टेबलावर गेम उघडून बसलो होतो. वाटीत काढून ठेवलेले चार छोटे सेल आणि काडतुसातला एक मोठा. फोन आला म्हणून उठलो. परत आलो तर भाचीची दीड वर्षाची मुलगी टेबलापाशी उभी आणि वाटीत छोटे सेल तीनच. "मामा, खाली पडला असेल," भाची म्हणाली. मलाही तसेच वाटावे अशी फार इच्छा होती. पोर हसत होती, रडणे नाही, खोकला नाही. तरी आम्ही निघालो. एक्स-रेत सेल जठरात दिसला. दोन दिवसांनी शौचावाटे पडला. मोठा सेल वाटीतच राहिला, यात माझी हुशारी काहीच नाही.

कारण तो जर अन्ननलिकेत अडकला असता तर गोष्ट वेगळी होती. हा लिथियमचा, तीन व्होल्टचा, २० मिलिमीटर रुंदीचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकून बसतो. तो फुटावा किंवा गळावा लागत नाही. ओल्या आवरणातून वीज वाहू लागते आणि त्याच्या ऋण बाजूजवळ तीव्र अल्कली तयार होऊन अन्ननलिका भाजते. दोन तासांतही गंभीर इजा होते. भोक श्वासनलिकेपर्यंत किंवा मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत गेले तर मूल दगावते. खेळ चालत नाही म्हणून काढलेल्या 'संपलेल्या' सेलमध्येही एवढी वीज उरलेली असते.

पुष्कळदा गिळताना कोणी पाहिलेले नसते. मूल लाळ गाळते, घन पदार्थ नाकारते, खोकते, आणि आपण सर्दी समजून औषध देतो. नुसता संशय आला तरी लगेच एक्स-रे काढावा. नाण्यासारखाच गोल दिसतो, पण कडेला दुहेरी वर्तुळ दिसले तर तो सेल. अडकलेला असेल तर दुर्बिणीने तत्काळ काढावा लागतो, म्हणून ती सोय असलेले रुग्णालय आधीच माहीत करून ठेवा. उलटी करवू नका, केळे-भात भरवू नका. मूल एक वर्षावरचे असेल, नीट गिळत असेल आणि सेल गिळून बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, फार तर सहा वेळा. मध शोधण्यात वेळ मात्र घालवू नये, आणि वर्षाच्या आतील बाळाला तो मुळीच देऊ नये. नाकात सेल घातला असेल तर तेही तितकेच तातडीचे. तेल किंवा थेंब घालू नयेत.

आता घरात फिरून पाहा. गाडीची रिमोट किल्ली, वजनकाटा, लुकलुकणारी खेळणी, गाणारे शुभेच्छापत्र. झाकणाला स्क्रू नसेल तर चिकटपट्टी गुंडाळा. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना ताबडतोब चिकटपट्टी लावून तो बरणीत बंद करावा. माझा बिस्किटांचा डबा सध्या दवाखान्यात, इंजेक्शनांच्या कपाटात आहे. किल्ली सौ.कडे.