आधी पाणी शोध

विटा

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. डिप्लोमा झाला, दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय आणि तुझं काही ठरेना, असं ती म्हणाली. एक पुण्याचा बिल्डर, टॉवरचं काम, पगार बरा. दुसरा जुन्या इमारती दुरुस्त करणारा ठेकेदार, पगार बेताचा. तिसरी वाट चुलत्यांनी दाखवलीय, गलाईच्या दुकानात ये म्हणून. विट्याच्या पोराला ती वाट कायम उघडी असते. खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला अख्ख्या देशात पसरली, त्यांच्याच पैशावर इथली कितीतरी घरं उभी राहिली. त्या धंद्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तुझा ओढा बांधकामाकडे आहे, म्हणून सांगतो, दुरुस्तीचं काम घे.

मी मिसरूड फुटायच्या वयात घर सोडलं आणि केस पांढरे होईपर्यंत एकाच ठेकेदाराकडे राहिलो. आधी बिगारी, मग गवंडी, मग मुकादम, शेवटी सुपरवायझर. एका जागी इतकी वर्षं का काढलीस, असं लोक विचारतात. या कामात इमारत लवकर बोलत नाही. तू भरलेला सांधा चांगला होता की वाईट, हे पाच-सहा पावसाळे गेल्यावर कळतं. दर दोन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्याला आपल्या हाताचा निकाल बघायलाच मिळत नाही. मला तो बघायला मिळाला, आणि जे शिकलो ते त्यातूनच शिकलो.

आता मुख्य गोष्ट. जुनी भिंत खराब झाली की सगळे प्लास्टरकडे बघतात. तू आधी पाणी शोध. भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर लोणा लागलाय, रंगाला फोड आलेत, बोट लावलं की पांढरी भुकटी निघते, तर आत न जाता बाहेर जा. बहुतेक वेळा बाहेर रस्त्यावर रस्ता चढलेला असतो किंवा अंगणात नवे ब्लॉक बसवलेले असतात, त्यामुळे जमीन जोत्याच्या वर आलेली असते आणि पावसाचं पाणी भिंतीच्या पायाशी मुरतं. लोणा वरच्या अंगाला असेल तर छपरावर चढ. पन्हळ पाल्यानं तुंबलेली सापडेल, किंवा भेगेत पिंपळ रुजलेला. पिंपळ उपटू नकोस, मुळाबरोबर दगडही येतो. वरून छाट, मूळ मारून सुकू दे, मगच दगड सोडव. शक्य असेल तर भर पावसात छत्री घेऊन इमारतीभोवती फेरी मार. त्या एका फेरीत जेवढं कळतं तेवढं उन्हाळ्यात महिनाभर मापं घेऊन कळत नाही.

पाणी बंद केल्याशिवाय प्लास्टरला हात लावू नकोस. मालक घाई करेल, ठेकेदारही करेल. तरी नको.

भिंत तपासताना बोटाच्या पेरानं किंवा लाकडी हातोडीनं हलकं वाजवत जा. धरलेलं प्लास्टर टणक वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. बद्द वाजेल तिथं खडूनं खूण कर आणि तेवढंच काढ. अख्खी भिंत खरवडून नवी करणं सोपं असतं, बिलही मोठं होतं, पण दोनशे वर्षं टिकलेलं प्लास्टर आपल्या हातून जातं, आणि त्याच्या तोडीचं आपण करूच याची खात्री कुणी देऊ नये.

सिमेंटविषयी तुझ्या मास्तरांनी तुला चांगलंच शिकवलं असेल. नव्या कामात ते हवंच. जुन्या चुन्याच्या कामात मात्र ते घात करतं. आपला काळा दगड पाणी फारसा पीत नाही. भिंतीतली ओल सांध्यांतून बाहेर पडते. सांधा चुन्याचा असला तर ती वाफ होऊन निघून जाते. तोच सिमेंटनं भरला की ओल आत कोंडते, क्षार घेऊन दगडाच्या पृष्ठभागाकडे येते, तिथं क्षारांचे खडे बनतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. मुंबईत पोरबंदरच्या मऊ दगडाच्या इमारती आहेत, तिथं हे उघड्या डोळ्यांनी दिसतं: सिमेंटची रेघ जागच्या जागी शाबूत आणि दोन्ही बाजूंचा दगड झिजून आत गेलेला. जुना सांधा उकरताना ग्राइंडर लावू देऊ नकोस, दगडाची धार जाते. छिन्नी-हातोडीच घ्यायला लाव, वेळ लागला तरी चालेल.

चुन्याला सबुरी लागते. भाजलेली चुनकळी पाण्यात टाकली की ती रटरटते, चांगलीच तापते. ती विझवून, मुरवून, वाळूबरोबर मळायची. किल्ल्यांवर दगडी चाकाचे घाणे बघितले असशील, ते याच कामाचे. त्यात गूळ, बेलफळ, हिरडा, ताग घालायची रीत होती, ठिकठिकाणची वेगळी. तिथल्या म्हाताऱ्या गवंड्याला विचारल्याशिवाय पुस्तकातलं प्रमाण लावू नकोस. भरल्यावर ओलं पोतं टाकून उन्हापासून जप. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगड होतो, त्याला घाई चालत नाही.

सिमेंटसारखंच लोखंडही घात करतं. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये गेल्या शतकाच्या सुरुवातीला दुरुस्ती करताना संगमरवर जोडायला साध्या लोखंडी पकडी वापरल्या. मूळ बांधणाऱ्या ग्रीकांनी पकडीभोवती शिसं ओतलं होतं, या मंडळींनी ते टाळलं. गंज फुगला आणि दगड तडकले. 1975 मध्ये नेमलेल्या समितीच्या कारागिरांना त्या पकडी काढून टायटॅनियमच्या बसवाव्या लागल्या. दुरुस्तीचीच दुरुस्ती! म्हणून जे बसवशील ते पुढच्या माणसाला दगड न फोडता काढता येईल असं बसव, आणि कुठं काय बसवलं ते नकाशावर लिहून ठेव. दगड उतरवण्याआधी प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाचा फोटो. हे काम डिप्लोमावाल्याचं आहे, गवंड्यावर ढकलू नकोस.

गावाकडचीही एक अडचण येईल. तू या कामात आहेस कळलं की कुठल्या तरी देवळाचे विश्वस्त येतील: जीर्णोद्धार करायचाय, फरशा आणि ऑइलपेंट सुचव. त्यांची श्रद्धा खरी असते, त्यांना तोडून बोलू नकोस. पंढरपूरचं सांग. 2024 च्या मार्चमध्ये विठ्ठल मंदिरात पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली काम सुरू झालं, जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्श दर्शन बंद होतं. वर्षानुवर्षं चढवलेला रंग, फरशा, गाभाऱ्याच्या भिंतींवरची चांदी उतरवली आणि आतला मूळ दगड दिसू लागला. विठ्ठलाला जे चाललं ते आपल्या ग्रामदैवताला चालेल, एवढं म्हटलं की म्हातारी माणसं ऐकतात. दगडावर वाळूचा मारा करून रंग काढतो म्हणणारा कुणी आला तर मात्र स्पष्ट नाही म्हण. रंगाबरोबर नक्षीही जाते.

रुजू होण्याआधी दोन जागा बघून ये. साताऱ्याजवळ लिंबची बारामोटेची विहीर, वीरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 या काळात बांधलेली. पायऱ्या उतरून आत उभा राहा आणि सांधे बघ, दगड दगडाला कसा बसलाय ते. आणि तासगावला परशुरामभाऊ पटवर्धनांच्या गणपतीचं गोपूर. आपल्या मुलखात दक्षिणेची ती चाल कशी आली, परशुरामभाऊंनी तिकडच्या मोहिमांत काय काय पाहिलं असेल, याचा विचार करत वर बघ. लहानपणी तू त्याखालून कितीदा गेलास, पण गवंड्याच्या नजरेनं बघितलं नसशील.

पगाराचं म्हणशील तर सुरुवात बेताचीच राहील. पण काम संपणार नाही. मुंबईत 1995 साली वारसा इमारतींचे नियम आले, तेव्हापासून जाणत्या माणसांची गरज वाढतच गेली. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस 1993 ला बंद झालं ते दुरुस्त होऊन 2016 ला उघडलं. अशा कामांना चुना ओळखणारा मुकादम आणि कागद सांभाळणारा इंजिनिअर दोन्ही लागतात. एकाच माणसात दोन्ही क्वचितच सापडतात. तू ते दोन्ही हो, म्हणून पहिली दोन वर्षं टेबलाला न चिकटता परांचीवर काढ. सांगलीकडचा एखादा पाथरवट किंवा वडार मिस्त्री भेटला तर त्याला 'दादा' म्हण आणि त्याच्या शेजारी बस.

शेवटी व्यवहाराचं. पीएफ कापतात का आणि भरतात का, दोन्ही विचार. पावती स्वतः बघ. हाताखालच्या बिगाऱ्यांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून दे. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षात किमान 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला वेळेवर मिळत नाही म्हणून माणसं हक्काला मुकतात, आणि सुपरवायझरनं मनावर घेतलं तर ते काम एका दुपारचं असतं. चुना विझवताना चष्म्याशिवाय कुणाला उभं करू नकोस, स्वतःही राहू नकोस. डोळ्यात उडाला तर आधी भरपूर पाण्यानं धू आणि मग दवाखाना गाठ.

रुजू व्हायची तारीख कळव. माझा ओळंबा आणि जुनी छिन्नी तुझ्या आईकडे पाठवून देतो.

तुझा,
मामा